चर्चमधली मोफत मैफल: बाबांना घेऊन गेलं तर चालेल का?

वसाहतवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारते.

आम्ही वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत राहतो. परवा स्टेशन ओलांडून पश्चिमेला कामासाठी गेले होते, तेव्हा एका चर्चच्या फाटकावर कागद चिकटवलेला दिसला. शनिवारी संध्याकाळी साडेसात वाजता स्ट्रिंग क्वार्टेट, हायडन या संगीतकाराची रचना, प्रवेश विनामूल्य, सर्वांचं स्वागत. खाली लिहिलं होतं की दर महिन्याला असा एक कार्यक्रम असतो.

घरी माझे बाबा आहेत, वय ७९. आयुष्यभर गाणं ऐकलेला माणूस. गिरगाव, दादर, माटुंगा, जिथे मैफल तिथे हे सतरंजीवर पहिल्या रांगेत. आता रात्री लांब जाववत नाही आणि यूट्यूब त्यांना पटत नाही. "समोर बसून कोणी गात नसेल तर ती बातमी झाली, गाणं नव्हे," असं म्हणतात. कागदाचा फोटो दाखवला तर म्हणाले, "चार व्हायोलिनं? आणि तबला कोण वाजवणार? चल, बघू तरी."

आता माझ्या शंका. माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्ती लावण्यापलीकडे आम्ही कधी चर्चमध्ये गेलेलो नाही. चपला बाहेर काढायच्या का? डोकं झाकायचं का? मध्येच प्रार्थना सुरू झाली तर आम्ही काय करायचं? बाबांना जागा आवडली की मोठ्याने "वा!" म्हणायची सवय आहे, ते चालतं का? एका कानाला मशीन आहे, त्यांना ऐकू येईल का? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हे फुकट कसं? माझे दीर म्हणतात, फुकटात कोणी काही देत नाही, नंतर हातात पत्रकं देतील आणि पत्ता लिहून घेतील. मला तसं वाटत नाही, पण बाबांना घेऊन जायचंय तर आधी विचारलेलं बरं.

आळशी श्रोता

फुकट गाणं, बसायला बाक, डोक्यावर पंखा. एवढं तर आमच्या सोसायटीच्या सभेतही मिळत नाही. जा बिनधास्त.

रानवारचा

ताई, तुम्ही सांगताय तो कागद बहुतेक मीच चिकटवलाय. खालचा उजवा कोपरा सुटून फडफडत असेल तर नक्कीच मी, चिकटपट्टी संपली होती. मी त्या कार्यक्रमांना बाक सरकवण्यापासून दारावर उभं राहण्यापर्यंतची कामं करतो. वाजवता काही येत नाही. त्यामुळे संगीतातलं काही चुकीचं लिहिलं तर इथले वादक मला धरतीलच.

आळशी श्रोता, पंखा बंद असतो. शब्द देऊ नका लोकांना.

आधी सोपं ते. चपला पायातच ठेवा. डोकं झाकायचं नाही. साडी, सलवार, पॅन्ट, काहीही चालेल. सहाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सव्वासातच्या आत आटोपते, मग निम्मे लोक घरी जातात, निम्मे बसून राहतात. त्या मधल्या वेळात फादर पवित्र साक्रामेंत, म्हणजे आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो ती भाकर, वेदीजवळून बाजूच्या छोट्या चॅपलमध्ये नेऊन ठेवतात. तेव्हा लोक उभे राहतात, तुम्हीही राहिलात तर छान, नाही राहिलात तर कोणी वळून बघणार नाही. नंतर कार्यक्रम संपेपर्यंत प्रार्थना नाही. एखादी म्हातारी बाई जाता-येता गुडघा टेकेल, ती तिची सवय. वादक वेदीवर चढत नाहीत, पायऱ्यांच्या खाली चार खुर्च्या मांडतो तिथे बसतात.

आता फुकटचं. यात आमचा मोठेपणा काही नाही. व्हॅटिकनने १९८७ साली चर्चमधल्या संगीत कार्यक्रमांबद्दल एक पत्र काढलं. त्यात लिहिलंय की चर्चमध्ये असा कार्यक्रम झाला तर प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला हवा. तिकीट लावायचं असेल तर बाजूचा हॉल घ्या. साक्रामेंत हलवण्याची आणि वेदीचा मान ठेवण्याची गोष्टही त्याच पत्रातली. आणखी एक अट आहे, ती जाचक वाटते पण मला आवडते: चर्चमध्ये वाजणारं संगीत धार्मिक प्रेरणेचं असावं. म्हणजे सुंदर आहे म्हणून कुठलंही क्वार्टेट इथे लावता येत नाही. त्यामुळे आम्हाला शोधावं लागतं. कॉरेल्ली या इटालियन संगीतकाराने दोन प्रकारचे सोनाटे, म्हणजे वाद्यांसाठीच्या रचना, लिहिले, काही दिवाणखान्यासाठी नाचाच्या चालींचे, काही खास चर्चसाठी. आम्ही चर्चचे घेतो. मोझार्टने साल्झबुर्गला मिस्सेत वाजवायला छोटे छोटे सोनाटे लिहिले होते, सतरा आहेत, तेही होतात. बाकी सगळं हॉलमध्ये, तिथे एसी आहे आणि तिकीटही.

वादकांना मानधन मिळतं, ते फुकट वाजवत नाहीत आणि त्यांनी वाजवूही नये. कधी कोणी आईच्या वर्षश्राद्धानिमित्त पाकीट देतं, कधी लग्नाच्या पंचविशीला. दाराजवळ एक लाकडी पेटी आहे. तिच्याशेजारी कोणी उभं नसतं, हे मी मुद्दाम पाळतो. पेटीशेजारी माणूस उभा केला की ते तिकीटच झालं. तुमच्या दिरांना सांगा, पत्ते लिहून घ्यायची अक्कल आम्हाला असती तर मला दर महिन्याला फाटकावर कागद चिकटवत बसावं लागलं नसतं.

मात्र एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नंतर फसवलं असं वाटायला नको. या शनिवारच्या रचनेत बायबलमधल्या ओळी वाचल्या जातात. सध्या प्रायश्चित्त काळ चालू आहे, गुड फ्रायडेच्या आधीचे आठवडे. म्हणून हायडनचं 'क्रुसावरील सात उद्गार' घेतलंय. येशूने क्रुसावर मरताना जी सात वाक्यं उच्चारली, त्या प्रत्येकावर एक भाग. प्रत्येक भागाआधी ते वाक्य इंग्रजीत आणि मराठीत वाचतात. मराठी मी वाचतो. यापलीकडे प्रवचन नाही.

आणि आता तुमच्या बाबांबद्दल, म्हणजे ज्यासाठी मी एवढं टाइप करत बसलोय. ही रचना स्पेनमधल्या कादिझ शहरातल्या चर्चसाठी हायडनकडून मागवली होती, १७८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. हायडनने पुढे स्वतः लिहून ठेवलंय की तिथे चर्चच्या भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकायचे आणि मधोमध टांगलेला एकच मोठा दिवा ठेवायचे. बिशप एक उद्गार म्हणायचा, त्यावर बोलायचा, मग खाली उतरून वेदीपुढे गुडघे टेकायचा. तेवढा वेळ संगीताने भरायचा. असं सात वेळा. म्हणजे एकामागून एक सात संथ भाग, प्रत्येक दहा मिनिटांच्या आसपास. ऐकणारा कंटाळणार नाही असं लिहिणं सोपं नव्हतं, हेही त्यानेच लिहिलंय. आधी मोठ्या वाद्यवृंदासाठी होतं, मग १७८७ मध्येच त्याने चार वाद्यांसाठी करून दिलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनहून थोडं मोठं), एक चेलो (त्याहून मोठं, उभं धरून बसून वाजवायचं). (चार व्हायोलिनं नाहीत हे बाबांना सांगा. तबला नाही हे मात्र खरं.)

आमच्याकडे जे नेहमीचे लोक येतात त्यांना टाळ्या कधी वाजवायच्या ते पाठ असतं, पण सात संथ भाग म्हटलं की चौथ्यानंतर मोबाइल बाहेर येतो. याउलट मागे एकदा संथ वादनाच्या कार्यक्रमाला पार्ल्याहून दोन काका आले होते, सगळी हयात ख्याल ऐकण्यात गेलेली. शेवटपर्यंत हलले नाहीत. ज्याने तासभर विलंबित ऐकलंय, एका स्वरावर गायक किती वेळ थांबतो ते मन लावून बघितलंय, त्याला या रचनेसाठी आणखी कसली तयारी लागते? माझं तर स्पष्ट मत आहे की हे सात उद्गार ऐकायला मुंबईत सगळ्यात लायक माणसं दादर-माटुंग्याच्या सतरंजीवर बसलेली आहेत, आणि त्यांना कोणी बोलावत नाही.

बाबांना एक खूण सांगून ठेवा. दुसरा उद्गार आहे: "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." तो सी मायनरमध्ये सुरू होतो आणि सी मेजरमध्ये संपतो. आमच्या एका व्हायोलिनवाल्याने मला हे बाजाच्या पेटीवर दाखवलं: षड्ज तोच, पण कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. ती जागा बाबांना सांगावी लागणार नाही, पण तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघा.

कुलाबा_कॉजवे

रानवारचा यांनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजूही मांडतो. चर्चमध्ये आवाज घुमतो. उंच छत, दगडी भिंती, फरशी. जलद भाग असला की स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. बाहेरून रिक्षाचे हॉर्न, संध्याकाळी कावळे. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये नीट सभागृह आहे, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथलाच. ज्येष्ठ माणसाला पहिल्यांदा ऐकवायचं तर चांगल्या ठिकाणी ऐकवावं. फुकटचं म्हणून जाऊ नये.

रानवारचा

कॉजवे, जलद भागांबद्दल अगदी बरोबर. म्हणून तर आम्ही जलद फार घेत नाही. शनिवारी सगळं संथ आहे, त्याला हा घुमारा उलट मानवतो. एक स्वर सोडला की तो लगेच मरत नाही. फक्त अगदी शेवटी हायडनने 'भूकंप' नावाचा छोटासा भाग जोडलाय, सगळी ताकद लावून जलद वाजवायचा. तो आमच्याकडे गढूळ होणार. भूकंप आहे, होऊ दे.

कावळ्यांचं मात्र खरंय. साडेसातपर्यंत ते बहुतेक झाडावर स्थिरावतात, म्हणूनही ती वेळ.

आणि वांद्रे पूर्वेहून ७९ वर्षांच्या माणसाला नरिमन पॉइंटला नेऊन रात्री परत आणायचं, हे तुम्ही एकदा करून बघा.

व्हायोलावाली

मी डोंबिवलीची. शनिवारी नाही, पण या मालिकेत मी वाजवलंय, त्यामुळे पलीकडच्या बाजूने दोन शब्द.

पंखे का बंद, ते सांगते. एक तर पानं उडतात. आम्ही स्टँडला कपड्यांचे चिमटे लावतो, तरी उडतात. दुसरं म्हणजे सगळ्यात हळू जागी पंख्याची घरघर आमच्या आवाजापेक्षा मोठी होते. माइक नसतो ना. आणि दमटपणा हा आमचा कायमचा शत्रू. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात, दमट हवेत ते सैल पडतात. खुंट्या फुगून अडकतात, आणि एसीतून आलेलं वाद्य असेल तर उलट सुटतात. म्हणून भागांच्या मध्ये आम्ही स्वर जुळवतो. बाबांना ते ओळखीचं वाटेल, तंबोरा जुळवण्यात गेलेला वेळ त्यांनी काय कमी बघितला असेल? चेलोचा खालचा टोकदार खिळा चर्चच्या फरशीवर घसरतो, म्हणून खुर्चीच्या पायाला पट्टा बांधून त्यात तो अडकवतात. तो पट्टा विसरला की काय होतं ते विचारू नका. आमचा चेलोवाला वसईहून लोकलने येतो, लगेजच्या डब्यातून, मासळीच्या टोपल्यांशेजारी चेलो उभा धरून.

"वा!" बद्दल रानवारचा यांनी सोयीस्कर मौन पाळलंय. चौघांत समोर उभं राहून हाताने ताल दाखवणारा कोणी कंडक्टर नसतो. आम्ही एकमेकांच्या श्वासावर सुरू होतो, म्हणून भाग सुरू होण्याआधीची शांतता आम्हाला खरंच लागते. एकदा वाजवायला लागलो की हळू आवाजातली दाद आली तर माझं काही बिघडत नाही, उलट बरं वाटतं. फक्त पाचव्या उद्गाराला नको. तो आहे "मला तहान लागली आहे." तिथे बाकीचे बोटांनी तारा छेडतात, एकेक थेंब पडल्यासारखं, आणि वर व्हायोलिनचे दोनच स्वर खाली उतरतात. तिथे एवढंसं खोकलं तरी फुटतं ते.

टाळ्या शेवटी. चौघांनी गज खाली आणले की मग.

रानवारचा

मौन सोयीस्कर नव्हतं, लांबलं म्हणून थांबलो होतो. माझं मत सांगतो. बाबांना काही सांगू नका. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं, त्यात तो खुशीत सांगतो की सिम्फनी चालू असतानाच लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. तेव्हा हेच चालायचं. गप्प बसायचा नियम नंतरचा. पाचव्या उद्गाराला मी स्वतः बाबांच्या शेजारी येऊन बसेन, मग तर झालं?

व्हायोलावाली

तुम्ही शेजारी बसून हसणार असाल तर बाबा एकटेच बरे.

पानगळ

थोडं इकडचं तिकडचं. चर्चमध्ये फुकट मैफल ही प्रथा जुनीच आहे. जर्मनीत ल्यूबेकच्या चर्चमध्ये बुक्स्टेहुडे हा ऑर्गनवादक नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी मोठे कार्यक्रम करायचा. लोकांना प्रवेश मोफत, खर्च गावातले व्यापारी उचलायचे. ते ऐकायला १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख, पुढे मोठा संगीतकार झाला तो, आर्नश्टाट या गावाहून निघाला, सुमारे चारशे किलोमीटर, पायी. नोकरीवरून चार आठवड्यांची रजा घेतली होती आणि परतला जवळजवळ चार महिन्यांनी. परत आल्यावर चर्चच्या वरिष्ठांनी झापलं.

आणि मुंबईतही हे काही परवा आलेलं नाही. मेहली मेहतांनी, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. वसाहतवाली ताई, तुमच्या बाबांनी जुनी हिंदी गाणी ऐकली असतील तर हे व्हायोलिनचे हात त्यांनी आधीच ऐकलेत. स्टुडिओतले कितीतरी वादक गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन शिकून आलेले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते अँथनी गोन्साल्विस यांनी, मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे.

वसाहतवाली

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो म्हटल्यावर म्हणाले, "मग तो रागच बदलला, असं कसं चालेल?" अर्धा तास मला समजावत होते की असं चालत नाही. म्हणजे येणार. पाचव्या उद्गाराचं सांगितलं, तर म्हणाले, "मला काय शिकवतेस, मी बडे बडे ऐकलेत." दीरही येतो म्हणतायत, पत्रकं बघायला.

दोन प्रश्न राहिले. मशीनचं काय? आणि पायऱ्या किती आहेत? गुडघे दुखतात त्यांचे.

रानवारचा

पुढच्या दाराला बऱ्याच पायऱ्या आहेत, तिकडून येऊच नका. रिक्षा मागच्या गल्लीत घ्या, शाळेच्या फाटकाने आत या. तिथे उतार आहे, मिस्सेला व्हीलचेअर तिकडूनच येतात. सातला या, मिस्सा संपत आली असेल, बाहेर बाकावर बसा, मी आत घेऊन जाईन.

मशीनवाल्यांसाठी तिसरी रांग बरी. मागे बसलं तर घुमारा मशीनमध्ये जास्त शिरतो, असं आमच्या दोन ज्येष्ठांचं म्हणणं आहे. अगदी पुढे बसलं तर पानं उलटल्याचा आवाज येतो म्हणे. मशीनचा आवाज थोडा कमी ठेवून बघा, पहिला भाग संपेपर्यंत अंदाज येईल. ज्या कानाला मशीन नाही तो चेलोकडे. पाण्याची बाटली आणा, पण प्लास्टिकची पिशवी नको. तिची कुरकुर पंख्यापेक्षा वाईट.

मध्यंतर नाही, साधारण सव्वा तास. नंतर मागच्या व्हरांड्यात चहा असतो, तोही फुकट, त्याबद्दल मात्र व्हॅटिकनने काही लिहिलेलं नाही. रागाचं भांडण तिथे करता येईल. व्हायोलिनवाला मराठी बोलतो आणि भांडणाला कधी नाही म्हणत नाही.

आळशी श्रोता

चहा आहे हे आधी सांगायचं ना. कल्याणहून निघालो तर सातला पोचेन का?

व्हायोलावाली

कल्याणहून पाचच्या आत निघ. दादरला उतर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो पकड. ब्लॉक आहे का ते आधी बघून घे.